बुटक्या कड्या

हेस्टर डिअरगार्टचा चेहरा लहान. गाल बसके, हनुवटी निमुळती. रेहोबोथ गावाच्या दक्षिणेला स्टिलवाटर नावाचं डिअरगार्टांचं रान आहे. सगळा दगड, काटेरी झाडं आणि मेंढ्या. तिथे ती सून होऊन आली, तेव्हा सासूने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पोरीला वारा उडवून नेईल." वाऱ्याने नेलं नाही. उलट त्या रानात मुळं धरून राहिली ती हेस्टरच.

नवरा कूनराड अबोल माणूस. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात कोल्ह्यांनी कोकरं नेली. त्याने बायकोच्या हातात बंदूक दिली आणि एवढंच सांगितलं, "आधी गाल ठेव. मग बघ." तिला ते कळायला आठवडा लागला, पण कळलं ते कायमचं. पहिला कोल्हा पडला त्या दिवशी कूनराडने स्वतः कॉफी करून तिला दिली. त्या घरात पुरुषाने कॉफी करण्याची ती पहिलीच वेळ, असं शेजारीण ड्रीना अजून सांगते.

ती बंदूक म्हणजे डिअरगार्टांच्या आजोबांची माउझर. गालाला लागणाऱ्या लाकडी दस्त्याचा रंग उडालेला, नळी मात्र आरशासारखी. घराण्यात तिचा एक रिवाज होता. जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, चर्चच्या मंडळीचा वार्षिक बाजार भरतो. त्या दिवशी मोठ्या हंड्यात जो कुडू शिजतो, तो डिअरगार्टांच्या बंदुकीचा असायचा. वळणदार शिंगांचं ते हरीण घरातल्या ज्या माणसाने पाडलं, त्याच्या कपाटात वर्षभर बंदूक राहायची. कूनराड होता तोवर ती त्याच्याच कपाटात राहिली. तो देवाघरी गेला त्या वर्षी कुडू हेस्टरने पाडला. पुढच्या वर्षीही तिनेच.

मग डोळे थकले. लांबचं दिसायचं, पण नळीच्या टोकावरची, नेम धरायची बारीक माशी धूसर व्हायची. थोरला दीर ऑकर्ट म्हणाला, "दुर्बीण बसवून देतो." त्याला हेस्टर बूता म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ, तो तिला सुस म्हणायचा, बहीण. ऑकर्ट हाताचा हुशार. ट्रॅक्टर, पंप, शिवणयंत्र, काहीही उघडायचा. बंद करायचाही, फक्त एखादा स्क्रू खिशात उरायचा. त्याने मोठ्या हौसेने दुर्बीण बसवली. दुर्बीण बंदुकीवर धरणाऱ्या कड्या निवडल्या चांगल्या उंच, खालून आरपार दिसेल अशा. दुर्बिणीने नाही दिसलं तर खालच्या जुन्या माशीने मारता यावं, हा त्याचा हिशोब. दुर्बीण सरकू नये म्हणून कड्यांच्या आत सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली. आमच्याकडे ही पद्धतच आहे. खडीच्या रस्त्यांवर आडव्या वळ्या पडतात, त्यावरून पिकअप गेली की दातही हलतात. मग दुर्बिणीची काय कथा? रबर घाला आणि पकडीने आवळा. घट्ट म्हणजे घट्ट.

त्याच वर्षी हेस्टरचा नेम चुकला. एकदा नव्हे, दोनदा, तेही कुणीही मारावं अशा अंतरावरून. दोन्ही कुडू सुखरूप निघून गेले, एवढी देवाची कृपा. बाजाराच्या हंड्यात बकरी शिजली. लोक रस्सा वाढून घेत होते आणि हेस्टरकडे बघायचं टाळत होते. तिला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

यंदा जूनच्या सुरुवातीला ऑकर्ट आला, ओट्यावर बसला आणि टोस्ट कॉफीत बुडवत म्हणाला, "सुस, डोळे वयाबरोबर जातात. त्यात लाज कसली?"

"लाज कोण म्हणालं?"

"नाही, मी आपलं म्हटलं. गेल्या वर्षी कुणीच काही पाडलं नाही म्हणून बंदूक तुझ्याकडे राहिली. यंदा मंडळीला परत बकरी खायला घालायची का?"

"बकरीही देवानेच केलीय, बूता."

"पण कुडूही त्यानेच केलाय. मंडळीने विचारलं मला. मीच जातो म्हणालो."

हेस्टरने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. ती म्हणाली, "आधी मी जाते. माझी गोळी चुकली तर बंदूक तुमच्या कपाटात. त्यानंतर मी मागायची नाही."

ऑकर्टला अशा उत्तराची अपेक्षा नव्हती. तो वाईट माणूस नव्हता. टोस्ट कॉफीत बुडून तळाला गेला तरी तो बघत बसला. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. गाडी माझी. मी येतो बरोबर."

तो गेल्यावर हेस्टरने बंदूक काढली आणि कोरड्या नदीच्या दरडीला साखरेच्या खोक्याचा पुठ्ठा लावला. ड्रीना दुधाची किटली परत द्यायला आली होती, ती तिथेच दगडावर बसली. चर्चमध्ये तिचा आवाज सगळ्यांत उंच, नखं सगळ्यांत लाल. गप्प बसणं तिला देवाने दिलेलं नाही.

सकाळ कडाक्याची होती, कुंडातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. हेस्टरच्या गोळ्या पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यात जवळजवळ बसल्या. मधोमध नाही, पण एकत्र.

"डोळे गेले म्हणे," ड्रीना म्हणाली. "गेले असते तर पोरं एका अंथरुणात झोपतात तशी भोकं पडली असती का?"

उन्हं चढली, कोट उतरले. हेस्टरने पुन्हा झाडल्या. या वेळी भोकं भलतीकडेच, आणि एकमेकांपासून रुसल्यासारखी लांब लांब. तिने खाली बसून श्वास सोडला. बंदूक तीच, हात तेच. सकाळचं दुपारी खोटं का व्हावं?

"हेसी, एक विचारू?" ड्रीना म्हणाली. "बंदूक लावताना तू मान अशी वर का काढतेस? कुंपणावरून मका बघणाऱ्या कोंबडीसारखी."

"कुठे काढते?"

"बघ, आता लाव. ती बघ, काढलीस."

हेस्टरने बंदूक लावली आणि तिथेच थबकली. गाल दस्त्याला लागलेलाच नव्हता. दुर्बीण एवढ्या उंचावर होती की बघायला डोकं हवेत धरावं लागत होतं. तिच्या लहान चेहऱ्याला दस्ता आणि दुर्बीण एकाच वेळी मिळत नव्हते. दुर्बीण धरायची तर दस्ता सुटत होता. आधी गाल ठेव म्हणणाऱ्या माणसाच्या बायकोचा गाल गेलं वर्षभर हवेवर टेकलेला होता.

"ड्रीना," ती म्हणाली, "तू कोंबडी म्हणालीस ते बरं केलंस."

"मी नेहमीच बरं करते. लोकांना उशिरा कळतं."

डोकं लटपटतं, त्याने एकेक गोळी इकडेतिकडे जाईल. पण सगळीच भोकं भलतीकडे सरकली, त्याचं काय? कूनराडच्या वर्कशॉपच्या फळीपाशी बसून हेस्टर कड्या बघत राहिली. मग तिने ड्रीनाला घरून नखं रंगवायची बाटली आणायला सांगितली.

"आता या वयात?"

"मला नाही, बंदुकीला."

कडी आणि दुर्बीण मिळतात तिथे हेस्टरने रंगाची एक बारीक रेघ ओढली, अर्धी कडीवर, अर्धी दुर्बिणीवर. रंग वाळू दिला. दुसऱ्या दिवशी गारठ्यात झाडलं, रेघ जागच्या जागी. भर उन्हात झाडलं, तर रेघ तुटलेली. कडीवरची अर्धी इथे आणि दुर्बिणीवरची अर्धी पुढे सरकलेली. थंडीत रबर दगडासारखं कडक व्हायचं. उन्हाने नरम झालं की बंदुकीचा प्रत्येक धक्का दुर्बिणीला थोडं थोडं पुढे ढकलायचा. सरकू नये म्हणून घातलेलं रबरच तिला सरकवत होतं.

तिने कड्या उघडल्या. पकडीने इतक्या आवळल्या होत्या की एका स्क्रूचं डोकं हातात आलं. आत ट्यूब चपटी होऊन चिकटलेली, तिच्यावर पंक्चरचं जुनं ठिगळही दिसत होतं.

"ऑकर्टची सायकल," ड्रीना म्हणाली. "हिच्यावरून तो मला लग्नाचं विचारायला आला होता."

"मग?"

"वाटेत पंक्चर झाली. मी वाचले."

विंडहूकला बंदुकीचं दुकान आहे. हेस्टर परवाना, बंदूक आणि दुर्बीण घेऊन गेली. दुकानदार भला होता, पण विकणाराच. त्याने आधी दुर्बीण झटकन काढता-घालता येईल असे महागडे माउंट पुढे ठेवले.

"ताई, हे एका हाताने निघतात."

"मला निघायला नकोत," हेस्टर म्हणाली. "राहायला हवेत."

मग त्याने उंच कड्या काढल्या. "सगळे हेच नेतात. खालून जुनी माशीही दिसते."

"ज्यांचे गाल मोठे त्यांना द्या. मला सगळ्यांत बुटक्या दाखवा. पोलादाच्या."

त्याने बुटक्या कड्या आणि माउझरच्या पाठीवर बसणाऱ्या दोन पट्ट्या काढून बंदुकीवर नुसत्या मांडल्या आणि दुर्बीण त्यांत टेकवली. हेस्टरने डोळे मिटले, गाल ठेवला, डोळे उघडले. दुर्बीण समोर होती, पूर्ण गोल, काळी कड कुठेच नाही. पण काडतूस आत सारायच्या बोल्टचा दांडा वर उचलला आणि तो दुर्बिणीच्या मागच्या तोंडावर टक्कन आपटला.

"एवढं घासलं तरी चालतं," दुकानदार म्हणाला.

"तुमच्या बायकोचा पाव झाकणाला चिकटला तर ती म्हणेल का, चालतं?"

दुकानदार हसला. त्याने एक पायरी वरच्या कड्या दिल्या. त्या लावल्यावर दांडा दुर्बिणीखालून जेमतेम निसटला. मध्ये नाणं सरकेल एवढीच फट. पण निसटला. हेस्टरने पुन्हा डोळे मिटून गाल ठेवला. मान सरळ, गाल लाकडावर, गोल पूर्ण. खरेदी त्या क्षणी पक्की झाली.

"बसवून देऊ?" त्याने विचारलं.

"नको. चुकलं तर मला स्वतःलाच रागावता आलं पाहिजे."

बसवण्यात तिचे दोन दिवस गेले. घाईने झालं असतं, पण घाईचा नमुना तिने वर्षभर वापरला होता. आधी स्क्रूची भोकं स्पिरिटने पुसून तेलाचा अंश काढला. पट्ट्या बसवल्या. स्क्रूची किल्ली दोन बोटांत धरून आवळली, मुठीत धरून नाही. पकड तिने कपाटात ठेवून कुलूप घातलं, सवयीने हात जाऊ नये म्हणून. कड्यांचे खालचे अर्धे भाग लावले, दुर्बीण नुसती टेकवली आणि पुढे-मागे सरकवत बघितली.

"कोट घालून बघ," ड्रीना दारातून म्हणाली.

"आत्ता ऊन आहे."

"कुडू काय उन्हाळ्यात मारणार आहेस? कोट घातला की बंदूक खांद्यापासून पुढे येते. मला ब्लाउज शिवताना कळतं, तुला बंदुकीत कळू नये?"

हेस्टरने कूनराडचा जाड कोट घातला आणि पुन्हा पाहिलं. खरंच गोलाच्या कडेला काळं आलं. तिने दुर्बीण एक बोट मागे घेतली. गोल स्वच्छ झाला.

आता दुर्बिणीतली नेमाची फुली सरळ करायची होती. तिची उभी रेघ तिरकी राहिली तर जवळ चालेल, लांब दगा देईल. तिने पवनपंपाच्या लोखंडी शिडीला दोरी बांधली आणि खाली दगड लटकवला. वारा पडेपर्यंत वाट पाहिली. बंदूक वाळूच्या पोत्यांवर सपाट बसवून ती फुलीची उभी रेघ दोरीशी जुळवत राहिली. दोरी हलली की थांबायची. मेंढ्या पाण्याला आल्या, गेल्या. शेवटी रेघ आणि दोरी एक झाल्या. मग वरच्या अर्ध्या कड्या ठेवून तिने समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली. रबर नाही, कागद नाही, पोलादावर पोलाद.

शेवटी प्रत्येक सांध्यावर लाल रेघ. ड्रीनाने ती स्वतः ओढली. "इथे तरी माझा हात लागू दे. मंडळीला सांगायला बरं."

दुसऱ्या दिवशी नेम मधोमध जुळवून गारठ्यात झाडलेल्या गोळ्या आणि भर दुपारी झाडलेल्या गोळ्या पुठ्ठ्यावर इतक्या जवळ बसल्या की ड्रीनाने आपली तळहाताएवढी प्रार्थनापुस्तिका त्यांच्यावर ठेवली आणि सगळी भोकं झाकली गेली. हेस्टरने पुठ्ठा घडी करून चुलीत टाकला. ऑकर्टला दाखवायला पुठ्ठा नको होता.

ठरलेल्या दिवशी ऑकर्ट गाडी घेऊन आला. बरोबर एलियास, स्टिलवाटरचा जुना माग काढणारा. कूनराडबरोबर त्याने अर्धं आयुष्य रानात घालवलं होतं. ऑकर्टने बंदूक पाहिली आणि भुवया वर गेल्या.

"हे काय? नखं रंगवलीत हिची?"

"सण आहे ना, बूता."

"आणि माझ्या कड्या?"

"घरी आहेत. तुमची ट्यूबही. ठिगळासकट."

आधीच मागच्या सीटवर जाऊन बसलेल्या ड्रीनाकडे ऑकर्टने वळून पाहिलं. तिने थर्मास उघडण्यात लक्ष घातलं. "रबराशिवाय बसणार नाही ती," तो गाडी सुरू करत म्हणाला. "हा रस्ता मी ओळखतो."

रस्त्यानेही आपली ओळख दाखवली. वळ्यांवरून गाडी अशी नाचली की एलियासने हाताने जबडा धरला. हेस्टर बंदूक मांडीवर आडवी धरून बसली होती. टेकड्यांपाशी उतरल्यावर तिने आधी रेघा पाहिल्या. एकही तुटलेली नव्हती. ऑकर्टने तिला बघताना पाहिलं आणि मग स्वतःही वाकून पाहिलं.

ड्रीना गाडीत थांबली. बाकी तिघं दगडांतून चढले. ऊन चांगलं वर आलं होतं. रबर असतं तर नरमायची हीच वेळ. एलियास पुढे, मध्येच बसायचा, शेण बोटाने दाबून बघायचा. मग त्याने हात मागे करून खाली दाबला. समोरच्या उतारावर काटेरी झाडाआड कुडू उभा होता. थोराड नर, शिंगं दोन पूर्ण वळणांची.

हेस्टर बसली. पिशवी दगडावर, बंदूक पिशवीवर. डोळे मिटले. गाल ठेवला. डोळे उघडले.

"मार," ऑकर्ट पुटपुटला. "उभाय तोवर."

कुडूच्या मागे मादी होती. गोळी आरपार गेली तर तिलाही लागेल. हेस्टर थांबली.

"सुस. जाईल तो."

"बूता, तुम्ही जरा गप्प राहता का?"

थोरल्या दिराशी ती असं कधीच बोलली नव्हती. मादी दोन पावलं खाली गेली, फांदी ओरबाडायला. नर एकटा राहिला, खांदा उघडा. हेस्टरने मनात एकच वाक्य म्हटलं, ते काय हे तिने कुणाला सांगितलं नाही. चाप दाबला.

टेकडीवरून आवाज परत आला. कुडूने उडी घेतली, उतार चढला आणि माथ्यापलीकडे नाहीसा झाला. रान रिकामं.

"गेला," ऑकर्ट म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. "परत गेला, सुस."

हेस्टरने गाल दस्त्यावरून उचलला नाही. बोल्ट ओढला, दुसरं काडतूस आत सारलं. दांडा दुर्बिणीखालून गुळगुळीत निघून गेला. "गोळी सुटली तेव्हा फुली त्याच्या खांद्यावरच होती," ती म्हणाली.

"तो पळाला, बघितलंस ना?"

"ऊम ऑकर्ट," एलियास म्हणाला, मानाने काका म्हणावं तसं, "पळाला खरा, पण डोकं खाली घालून पळाला. मन लावून पळणारं जनावर डोकं वर धरतं."

ते चढले. झाडाखाली फेसाळ, फिकं लाल रक्त, फुप्फुसाचं. एलियासने ते बोटावर घेतलं, दाखवलं आणि नुसता हसला. माथ्यापलीकडे दगडांत चार ढांगांवर कुडू आडवा होता. खांद्यामागे एकच भोक, जिथे असावं तिथेच.

ऑकर्ट गुडघ्यावर बसला. त्याने भोकाशी बोट नेलं, मग वर हेस्टरकडे पाहिलं, मग बंदुकीकडे. तो हाताचा हुशार माणूस. हाताचं काम खोटं बोलत नाही हे त्याला माहीत होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

आमच्याकडे जनावर पाडणाऱ्यानेच आभार मानायचे असतात. हेस्टरने कुडूच्या मानेवर हात ठेवला. तिची प्रार्थना लहान होती: या जीवासाठी, या अन्नासाठी, आणि ज्याने मला शिकवलं त्याच्यासाठी. आमेन ऑकर्टने म्हटलं, जरा उशिरा.

"रबर," तो मग म्हणाला. "रबराने सरकत होती?"

"उन्हात."

"आणि उंच होती."

"माझ्यासाठी. तुम्हाला बसली असती, बूता. तुमचं तोंड मोठं आहे."

एलियासने तोंड फिरवलं. ऑकर्ट मात्र इतका मोठ्याने हसला की खालून ड्रीनाने गाडीचा हॉर्न वाजवून विचारलं, काय झालं.

रेहोबोथमध्ये शिरले तेव्हा शिंगं पिकअपच्या वर झाडासारखी उभी होती. ऑकर्टने गाडी मुद्दाम मोठ्या रस्त्याने घेतली आणि सावकाश चालवली. लोक दुकानांतून बाहेर आले. कुणीतरी ओरडून विचारलं, "ऊम ऑकर्ट, कोणी पाडला?"

ऑकर्टने गाडी थांबवली, खाली उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागे उभी आहे ती. बंदूक तिच्याच कपाटात राहणार. आणि कड्या मी बसवलेल्या नाहीत, हेही लिहून घ्या."

हेस्टर मागे शिंग धरून उभी होती. ती लाजली नाही. अशा वेळी लाजायचं नसतं, हे तिला त्या दिवशी कळलं. चर्चच्या दारात मंडळीचे वडीलधारे कारभारी उभे होते, गेल्या वर्षी बकरीचा रस्सा मुकाट्याने खाणारे तेच. त्यांनी टोपीला हात लावला आणि विचारलं, "हेस्टर, सॉसेज करायचे की मांस वाळवायचं?"

"आधी रस्सा," ती म्हणाली. "लोक वर्षभर वाट बघताहेत."